मदत हवी आहे: लिनक्स सर्व्हरचं नेटवर्क रात्रीच का बंद पडतं?

मंडळी, आठवडाभर झगडतोय. डेबियन १२ वर बॅकअपचा सर्व्हर आहे, नेटवर्क कार्ड मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमध्ये. रात्री दोनला फाइल कॉपी करणारं आरसिंक सुरू झालं की मिनिटभरात सर्व्हर नेटवर्कवरून गायब. मशीन चालूच असतं. मॉनिटर जोडून पाहिलं तर पोर्टचा हिरवा दिवा लागलेला, कार्डाची स्थिती दाखवणारं ईथटूल म्हणतं लिंक आहे, पण गेटवेलासुद्धा पिंग जात नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ‘नेटडेव्ह वॉचडॉग... ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट’, म्हणजे कार्डाने डेटा वेळेत पाठवला नाही. कधी इंटरफेस डाउन-अप करून भागतं, कधी ड्रायव्हर काढून परत लोड करावा लागतो.

पहिला संशय केबलवर होता, आणि तिच्यात दोष निघालाही. लिंक १००० मेगाबिटऐवजी १०० वर जुळत होती. क्रिंप केलेलं (कनेक्टर दाबून बसवलेलं) टोक उजेडात धरलं, तर निळी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे इतके दिवस लक्षातच आलं नाही. नव्या केबलवर १००० मिळतंय, सीआरसी एरर (बिघडून पोचलेला डेटा) शून्य. रात्रीचं दुखणं मात्र तसंच.

खटकतंय ते पुढे. दिवसा नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ तासभर चालवलं, सलग ९४० मेगाबिट, काहीच बिघडलं नाही. म्हणजे लोडमुळे होत नसावं. रात्री बॅकअपच्या आधी दोन-तीन तास लाईन रिकामी असते, आणि वॉचडॉगच्या ओळीच्या जरा वर पीसीआयईचे ‘करेक्टेड एरर, बॅड टीएलपी’ (पीसीआयईवरचं डेटाचं पाकीट खराब) दिसतात. म्हणून काम नसताना पीसीआयईची लिंक झोपवून वीज वाचवणाऱ्या एएसपीएमवर संशय आला. बूटला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ दिलं, फरक नाही. कार्ड गेलं, स्लॉट गेला, की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद:
कार्ड बदलायची घाई करू नका. ‘ऑफ’ दिल्याने एएसपीएम बंद होत नाही. कर्नल त्याला हात लावत नाही, इतकंच. बायोसने (मदरबोर्डच्या फर्मवेअरने) चालू केलं असेल तर ते चालूच राहतं. रूट होऊन ‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’ चालवा आणि कार्डाच्या लिंक कंट्रोलच्या ओळीत ‘एल१ एनेबल्ड’ आहे का बघा; एल१ म्हणजे एएसपीएमची झोपेची अवस्था. असेल तर बायोसमधूनच बंद करा. नसेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. एरर कार्डामागोमाग गेले तर कार्ड, थांबले तर जुना स्लॉट किंवा ढिली बैठक.

धागाकर्ता:
एल१ चालूच होतं! बायोसमधून बंद केलं. त्यानंतरच्या दोन्ही रात्री बॅकअप पुरा झाला, बॅड टीएलपीची एकही ओळ नाही. मनापासून आभार. शनिवारी सर्व्हर बंद करता येईल, तेव्हा कार्ड काढून स्लॉटही पाहतो आणि इथेच कळवतो.