मरीन डिझेलचा हीट एक्स्चेंजर वर्षात फुटला, चूक माझीच वाटते

रेडिएटरवाला_द्वारका:
नमस्कार मंडळी. नाशकात द्वारकेजवळ माझं रेडिएटर रिपेअरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर सगळं हाताखालून गेलंय. समुद्राशी संबंध एवढाच, की बहीण सातपाटीला दिलीय आणि दाजींची मासेमारीची बोट आहे. इंजिन सहा सिलिंडरचं, जुनं.

गेल्या वर्षी मासेमारी बंदीत दाजींनी इंजिनचा एक्स्चेंजर (नळ्यांतून जाणाऱ्या समुद्राच्या पाण्यानं कूलंट थंड करणारा भाग) टेम्पोने माझ्याकडे पाठवला. मी नळ्या साफ केल्या, रंगसुद्धा मारला. बॉडीला एक बारीक प्लग होता, त्याला उंदरानं कुरतडल्यासारखी राखाडी कांडी. मला वाटलं कुणाचा तरी जुगाड. काढून फेकली आणि टेफलॉन गुंडाळून पितळी बोल्ट मारला.

यंदा तक्रार अशी: रोज दीड-दोन लिटर कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही, ऑइल स्वच्छ. सावकाश चालवलं तर ८० डिग्री, फुल्ल दाबलं की ९५ च्या वर. एक्स्चेंजर परत दुकानात आलाय. हौदात बुडवून १५ पौंड हवा दिली, तर दोन नळ्यांतून बुडबुडे. सोल्डर मारू का? नळ्यांत पांढरा थरही आहे. ३१ जुलैला बंदी उठते, त्याआधी द्यायचाय.

जहाजी_जेलरोड:
भाऊ, तो जुगाड नव्हता, झिंकची, म्हणजे जस्ताची पेन्सिल होती. खाऱ्या पाण्यात तांबं, पितळ, लोखंड एकत्र आलं की कुठला तरी धातू खाल्ला जाणारच. झिंक स्वतः झिजतं म्हणून बाकीचे वाचतात. तुम्ही ती काढलीत, मग पाण्यानं नळ्या खाल्ल्या, आणि कूलंट त्यातून समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जातंय, म्हणून खाली थेंब नाही. अर्धी झिजली की बदलायची, आणि टेफलॉन अजिबात नको. पेन्सिलचा धातू बॉडीला भिडलेला असला तरच ती काम करते.

सोल्डर नको. ट्रकच्या रेडिएटरमध्ये गोडं पाणी असतं, तिथे शिसं-कथील चालतं, समुद्राच्या पाण्यात टिकत नाही. फुटलेल्या नळीला दोन्ही टोकांना त्याच जातीच्या धातूची निमुळती खुंटी ठोका. दहातली एक नळी बंद झाली तरी निभतं, त्यापुढे नवा कोअर, म्हणजे नळ्यांचा अख्खा गठ्ठा.

थरासाठी सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा. कुठे ॲल्युमिनियम असेल तर हायड्रोक्लोरिक जवळसुद्धा आणू नका.

मिरकरवाडा_बंदर:
तुम्ही सगळे नळ्यांच्याच मागे. समुद्राच्या पाण्याचा पंप रबरी इंपेलरचा, म्हणजे रबरी पात्यांच्या चाकाचा आहे ना? पाती मोजल्या का? समुद्राचं पाणी आत घेणारा खालचा कॉक उघडायला विसरून कुणी इंजिन मारलं, तर कोरडा इंपेलर मिनिटाभरात गळपटतो. तुटलेली पात वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसते. मग सावकाश चालवताना कळत नाही, फुल्ल दाबलं की गरम. आम्ही बंदीत इंपेलर काढूनच ठेवतो, पाती दाबून वाकड्या होतात. बोट पाण्यात उतरली की बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरा, किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा कामाला येतो.

गोदाकाठ:
समुद्रातलं मला कळत नाही. पण आमच्याकडे गोदावरीवर डिझेल पंपाच्या जाळीत पाणवेली अडकल्या की हेच होतं. जाळी आधी बघा.

रेडिएटरवाला_द्वारका:
मिरकरवाड्याचे रत्नागिरीकर, तुमच्या तोंडात साखर! एंड कव्हर काल उघडलं, आत काळ्या रबराचे दोन तुकडे. गेल्या वर्षी नव्हते, मी स्वतः झाकण लावलं होतं. म्हणजे एक पाप माझं, एक बोटीवरचं.

दोन नळ्यांना खुंट्या ठोकल्या, परत १५ पौंड दिलं, बुडबुडा नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पातेल्यात गरम पाण्यात टाकून तपासला, ८२ चा शिक्का आहे, ८३ ला उघडायला लागला. थर्मामीटर लावूनच, कारण आपलं नाशिक सुमारे ६०० मीटरवर, इथे पाणी ९८ लाच उकळतं. 'उकळलं म्हणजे १००' असं धरलं की दोन डिग्रीचा घोळ.

पेन्सिल इथे कुठे मिळेना, म्हणून दाजींना फोन केला. म्हणाले, "ती राखाडी कांडी? केबिनमध्ये बिस्किटाच्या डब्यात चार पडल्यात. तू बोल्ट मारलास तर मला वाटलं आता लागत नसतील." उद्याच्या टेम्पोनं मागवल्यात.