कोंबडीची पिल्लं माणसाळत नाहीत, संध्याकाळी डालायला (खुराड्यात कोंडायला) गेलं की झाडावर! काय करू?

परसदार_दापोली
नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच घरामागे कावेरी जातीची पिल्लं आणलीत, सहा आठवड्यांची होत आली, बल्बच्या उबेतले दिवस नीट पार पडले, खातात पितात ठणठणीत. पण हाताला येतील तर शपथ. खुराड्याच्या झाकणातून हात घातला की सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून नुसता कलकलाट. मुलगी नऊची, मुलगा चारचा, दोघांना ती मांडीवर हवीत म्हणून दिवसभर मागे पळापळ. आणि तिन्हीसांजेला डालायला गेलं की निम्मी शेवग्यावर. सासूबाई म्हणतात पंख छाट, शेजारचे काका म्हणतात दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत येतील. कोणाचं ऐकू?

जुनं_खुराडं
दोघांचंही नको 😄

वरून हात घालणं आधी बंद करा. कोंबडीच्या लेखी वरून येतं ते घार, विषय संपला. खुराड्याला बाजूने दार करून घ्या, आणि ते एकमेकांवर चढणं साधं समजू नका, खालची पिल्लं गुदमरून मरतात. सकाळी सोडायच्या आधी पोट रिकामं असतं तेव्हा खाली जमिनीवर बसा, तळहातावर तांदळाची कणी किंवा बाजरी घेऊन हात जमिनीला टेकवून ठेवा आणि गप्प बसा, मोबाईल बघत बसलात तरी चालेल, फक्त हात हलवू नका. एखादी धीट तलंग (तरुण कोंबडी) पहिली येते, तिच्या मागे बाकीच्या. वाळवी लागलेलं लाकूड मिळालं तर ते समोर आपटा, कणी विसरतील.

उचलताना एक हात छातीखाली, पाय बोटांच्या मध्ये, दुसऱ्या हाताने पंख अंगालगत धरायचे. बाजारात नेतात तसं पायाला धरून उलटं लटकवायचं नाही, पंखाला धरून तर नाहीच. पोरांना एक नक्की सांगा, आवळायचं नाही. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास, घट्ट मिठी मारली की जीव जाऊ शकतो. चार वर्षांच्या पोराने बसून हाताने भरवावं, उचलायचं काम ताईकडे.

सांजवेळ
पंख छाटण्याबद्दल, या वयात अजिबात नको. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, कात्री लागली की भळाभळा वाहतं. आणि उडता न येणाऱ्या कोंबडीला मुंगूस काय बोका काय, आयतीच मेजवानी.

डालायचं म्हणाल तर आठवडाभर बाहेर सोडूच नका, खाणं पाणी सगळं खुराड्यात, म्हणजे घर कुठलं ते डोक्यात बसतं. मग दिवस मावळायच्या तासभर आधीच सोडायला लागा, तेवढ्यात लांब जात नाहीत. उपाशी ठेवायचं नाही, फक्त दिवसातलं सगळ्यात आवडीचं खाणं संध्याकाळी आणि तेही आतच. एकच डबा ठेवा आणि तोच वाजवा, आमच्याकडे डालड्याचा जुना डबा आहे, त्यात चार दाणे खुळखुळले की आऽ आऽ म्हणायचीही गरज पडत नाही, कुंपणापलीकडून धावत येतात. बाकी कधी उगाच वाजवायचा नाही, पोरांना तर हातही लावू देऊ नका. आत फूटभर उंचीवर बांबूची आडवी दांडी बांधली का? नसेल तर त्या शेवग्यावर जाणारच, त्यांना रात्री उंचावर बसायचं असतं.

झाडावर बसल्या तर पूर्ण अंधार झाल्यावर जा, कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, फळ तोडावं तशी अलगद उतरवून आत ठेवा. दिवसा काठी घेऊन हुसकावत बसलात की झाली सगळी मेहनत वाया.

लसवाला_नाही_पण
लसीचं कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. पाचव्या-सातव्या दिवशीची लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची पहिली लस), चौदाव्याच्या आसपास गंबोरो रोगाची लस झाली का? नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आठव्या आठवड्याच्या मानमोडीच्या लसीचं आत्ताच विचारून ठेवा, ती इंजेक्शनची असते. कुपी बरेचदा शंभर डोसाची येते आणि एकदा द्रावणात मिसळून तयार केली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्यायच्या.

गावठी_उपाय
आम्ही पाण्यात हळद लसूण देतो, कधी लसबीस केली नाही.

लसवाला_नाही_पण
द्या की, कोण नको म्हणतंय. पण मानमोडी आली की त्या पाण्याने खुराडं वाचत नाही, माना वाकड्या होऊन पटापट जातात. आणि परसदार, पोरांचं हात धुणं साबणानेच, दरवेळी. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) असू शकतो, पाच वर्षांखालच्या पोराला त्याचा त्रास जास्त. पिल्लाचा पापा घ्यायचा नाही, खुराड्याजवळ खाऊ खायचा नाही, खुराड्याची चप्पल घरात नाही.

परसदार_दापोली
बापरे, पापे तर रोज चाललेत! आजपासून बंद. लासोटा झाली होती, गंबोरोचं विचारते. दार फिरवून घ्यायला सुतार उद्या येतोय. अजून एक, यात दोन नर दिसतायत, तुरा लालसर व्हायला लागलाय, त्यातला एक आत्तापासूनच मुलाच्या पायावर चोच मारतो. मोठेपणी काय करेल?

जुनं_खुराडं
आत्ताची चोच बहुतेक खायला मिळेल म्हणून असते, पोराला बूट घाला. खरी मस्ती साधारण चार-पाच महिन्यांपासून पुढे. तेव्हा लाथ मारायची नाही आणि पळायचंही नाही, लाथ मारली की तो त्याला झुंजच समजतो. जागेवर उभं राहायचं, अंगावर आलाच तर उचलून काखेत घेऊन फिरायचं, थंड होतो. पण नख्या वाढल्यावरही पोराच्या अंगावर धावत असेल तर लाड नकोत, तेवढ्या माद्यांना एक नर पुरतो, दुसऱ्याचं काय करायचं ते आखाडात ठरवा 😉

परसदार_दापोली
मुलीने त्याचं नाव ठेवलंय हो, आता आखाड अवघड आहे.