ट्रे २ मधून कागद नीट ओढत नाहीये, पावसात जास्तच – कॉपियरवाल्यांनो सल्ला द्या

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणला पतसंस्थेत कामाला आहे. ऑफिसात कॉपी, प्रिंट, स्कॅन सगळं करणारं मोठं मशीन आहे, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही नाहीतर धागा भलतीकडेच जायचा. प्रॉब्लेम असा की पाऊस लागल्यापासून ट्रे २ मधून कधी कागद उचलतच नाही, कधी दोन-तीन एकदम जातात आणि मग मध्येच अडकतात. ट्रे १ बरा आहे, तोही अधूनमधून रुसतो पण चालवून घेतो. मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय. सर्विसवाला येऊन गेला, ट्रे उघडला, फुंकर मारली आणि म्हणाला अख्खं फीड युनिट (ट्रेमधून कागद ओढणारा भाग) बदलावं लागेल. आकडा ऐकून मॅनेजर साहेब गप्पच झाले. कर्जाचे फॉर्म, जामीनदारांची कागदपत्रं, सातबारे, दिवसभर रांग असते हो. खरंच युनिट बदलावं लागतं का आपल्या हातात काही आहे?

खोडसाळ_पांडू
रोलरला पॉलिश पेपर मारा बारीक नंबरचा, दोन मिनिटांचं काम. आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच चाललंय.

मीनल_ठाणे
आमच्याकडे कागद बदलल्यावर फरक पडला होता. कुठला वापरताय? जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) किती?

रोलरदादा
कॉपियर दुरुस्तीतच आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, तरी असले धागे दिसले की राहवत नाही.

युनिटचं नंतर बघू. कागद अडकतो म्हणजे नक्की कुठे अडकतो ते आधी सांगा. जॅम झाला की लोक पहिल्यांदा काय करतात, दार उघडून कागद खसकन ओढून काढतात आणि पुरावाच नष्ट करतात. तसं करू नका. दार हळू उघडा, कागदाचं पुढचं टोक कुठवर पोचलंय ते बघा, मोबाईलवर फोटो काढा, मग कागद दोन्ही हातांनी धरून, तो ज्या दिशेला जात होता शक्यतो त्याच दिशेने काढा. कागद ट्रेमधून हललाच नसेल तर एक तर पिकअप रोलर (गठ्ठ्यावरून कागद उचलणारा) घसरतोय नाहीतर ट्रेमधली कागद वर उचलणारी पत्री पुरती वर येत नाहीये. टोक थोडंसं बाहेर येऊन थांबलं असेल किंवा दोन कागद चिकटून आले असतील तर संशय कागद पुढे ढकलणाऱ्या फीड रोलरवर आणि त्याला टेकून असलेल्या, जादाचा कागद मागे अडवणाऱ्या सेपरेशन रोलरवर. पुढची कड घड्या पडून चुरगळली असेल तर वाटेत काहीतरी आडवं आलंय, नव्वद टक्के वेळा आधीच्या जॅमचा फाटलेला तुकडाच निघतो, टॉर्च घेऊन शोधा. आणि कागद कुठेच दिसत नाही तरी मशीन जॅम जॅम ओरडतंय असं असेल तर सेन्सरची छोटी प्लास्टिकची जीभ अडकलेली असते, बोटाने हलवून ती आपली आपण परत जागेवर येते का बघायची.

पांडूशेठ, पॉलिश पेपर नको. तात्पुरतं चालतं, मान्य आहे, पण रबराचा वरचा थर खरवडला जातो, गोलाई बिघडते आणि मग कागद तिरका जायला लागतो.

खोडसाळ_पांडू
आमचा जातो खरा थोडा तिरका. तो कॉपियरचा स्वभाव आहे असं समजून चाललो होतो 😄

झेरॉक्स_नाका
साताऱ्यात कोर्टाजवळ दुकान आहे माझं. रोलरदादांशी सहमत. अजून एक सांगतो, ट्रेमधल्या साइडच्या पट्ट्या बघा, बाजूच्या दोन आणि मागची एक. लोक रीम टाकतात आणि पट्ट्या तशाच सैल ठेवतात, किंवा एवढ्या आवळतात की कागद मध्ये फुगतो. कागदाला नुसतं टेकल्या पाहिजेत. आणि आत खुणेची रेघ असते तिच्यावर कागद भरायचा नाही, पाचशेची अख्खी रीम बसते म्हणून कोंबायची नाही. थोडे कागद उरलेत आणि त्यावरच नवीन गठ्ठा टाकला असंही करू नका, जुना काढा, दोन्ही एकत्र ठोकून सरळ करा आणि मग भरा, नाहीतर जिथे जुना-नवा सांधा येतो तिथे हमखास दोन कागद एकदम जातात.

वाशिष्ठीकाठ
बापरे एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार.
मीनलताई, कागद ७५ जीएसएमचा, नेहमीचाच. पट्ट्या ठीक आहेत, बघितल्या. रोलरदादा, तुम्ही सांगितलं तसं फोटो काढत गेलो. दोन प्रकार दिसतात, एक म्हणजे कागद हललेलाच नसतो, आणि दुसरा म्हणजे टोक जेमतेम बाहेर आलेलं आणि खाली अजून एक कागद चिकटलेला. चुरगळलेला एकही नाही. बाजूच्या उघड्या ट्रेमधून, म्हणजे बायपासमधून, तोच कागद टाकला तर जातो.

रोलरदादा
छान, आता काम सोपं झालं. बायपासमधून जातोय म्हणजे पुढची वाट, रजिस्ट्रेशन रोलर (कागद सरळ करून पुढे सोडणारा), फ्यूजर (छपाई तापवून कागदावर पक्की करणारा) वगैरे ठीक असणार, भानगड ट्रे २ च्या तोंडाशीच आहे. आता बिनपैशाची एक परीक्षा करा. बऱ्याच मशीनमध्ये ट्रे १ आणि ट्रे २ चे रोलर एकसारखेच असतात, एका बाजूला छोटी क्लिप असते ती दाबली की रोलर सरकून निघतो. मशीन बंद करून प्लग काढा, ट्रे २ चे तिन्ही रोलर (पिकअप, फीड, सेपरेशन) ट्रे १ ला लावा आणि तिकडचे इकडे. काढण्याआधी फोटो काढा, कारण काही रोलरच्या आत एकाच दिशेने फिरणारी बेअरिंग असते, उलटा बसला तर अजिबात कागद ओढणार नाही. रबराला बोट लावू नका, हाताचं तेल लागतं.

आता त्रास रोलरबरोबर ट्रे १ ला गेला तर रोलर बाद, नाही गेला तर युनिटचा क्लच (रोलरला फिरवणं चालू-बंद करणारा), पत्री, कागद यांच्याकडे बघायचं. ही परीक्षा न करता अख्खं युनिट सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

काढलेच आहेत तर रबर नीट बघा. तुळतुळीत, चकचकीत झालं असेल किंवा पांढरी भुकटी बसली असेल तर पकड गेली. ती भुकटी कागदाचीच असते, कागदात खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं. न पिंजणारं कापड पाण्यात पिळून पुसा आणि पूर्ण वाळू द्या, चिकट डाग असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, पेट्रोल चुकूनही नाही, रबर फुगतं. सेपरेशन रोलर त्याच्या दांड्यावर फिरवून बघा, जरा अडून फिरला पाहिजे. त्याच्या आतल्या टॉर्क लिमिटरमुळे एकच कागद आला तर तो कागदाबरोबर फिरतो आणि दोन आले तर खालचा अडवून धरतो. एकदम मोकळा गरगर फिरत असेल तर तो लिमिटर गेला, मग दोन-दोन कागद जाणारच.

मीनल_ठाणे
जरा अवांतर, आमचं वरचं, ओरिजिनल टाकायचं फीडर (एडीएफ) दोन पानं ओढतं, तिथेही हेच का?

झेरॉक्स_नाका
हो ताई, तत्त्व तेच, फक्त काही मॉडेलमध्ये सेपरेशन रोलरच्या जागी रबराची चपटी पट्टी असते, ती झिजते. पण आधी पिना बघा, आणि ओला व्हाइटनर. आमच्याकडे वकिलांचे कारकून व्हाइटनर लावलं की लगेच फीडरमध्ये कागद घालतात, डोकं फिरतं.

वाशिष्ठीकाठ
अदलाबदल केली. निकाल जरा विचित्र आहे. दोन-दोन कागद जायचा प्रकार ट्रे १ ला गेला, म्हणजे रोलरच. सेपरेशनवाला फिरवून बघितला तर खरंच मोकळा फिरतोय. पण कागद न उचलायचा प्रकार अजून ट्रे २ लाच आहे, कमी झालाय पण आहे. हे कसं काय?

रोलरदादा
दोन वेगळी दुखणी आहेत मग. ट्रे २ म्हणजे खालचा, जमिनीजवळचा ना? आणि चिपळूण, आणि जुलै. कागद सर्दावलाय तुमचा. गठ्ठ्यातला वरचा कागद टेबलावर ठेवा, कडा वर उचलल्या असतील किंवा लाटा आल्या असतील तर ओल धरलीय. असा कागद पापडासारखा मऊ पडतो, एकमेकांना चिकटतो, रोलर वरून घासून निघून जातो. नवीन रीम फोडून लगेच घालून बघा.

वाशिष्ठीकाठ
नवीन रीमने एकदाही अडकला नाही!! २०२१ च्या पुरानंतर मशीन वरच्या मजल्यावर हलवलं, पण कागदाचे खोके बाल्कनीच्या दाराशी, फरशीवरच ठेवले जातात, आणि शिपाई सोयीसाठी चार-चार रीम एकदम फोडून ठेवतो. रोलरचा सेट मागवतोय, युनिटच्या मानाने किरकोळ आहे. ओरिजिनलच घेऊ का कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, चालेल?

झेरॉक्स_नाका
मी कंपॅटिबलच वापरतो, दुकानाला परवडत नाही दुसरं. लवकर जातात पण पिकअप-फीड चालून जातात.

रोलरदादा
पिकअप आणि फीड कंपॅटिबल घ्या हवं तर, सेपरेशन मात्र ओरिजिनल घ्या, त्यातला लिमिटर स्वस्त मालात कधीच धड नसतो. आणि तिन्ही एकदम बदला, एक नवा आणि दोन जुने असं नको.

कागदाचं म्हणाल तर रीमच्या वेष्टणाला आतून ओल अडवणारा थर असतो, त्यामुळे लागेल तेव्हाच फोडा, उरलेला त्याच वेष्टणात गुंडाळून ठेवा. खोके फरशीवरून उचलून फळीवर, भिंतीपासून लांब. वेष्टणावर बाण असतो तो ज्या बाजूला त्या बाजूवर पहिली छपाई होईल असा कागद भरा, बाक कमी येतो. अजून एक, काही मशीनला ट्रेजवळ ओल घालवायचा छोटा हीटर असतो, त्याचं वेगळं बटण असतं. तो मुख्यतः मशीन बंद असतानाच कामाला येतो, पण प्लगला वीज पाहिजे. तुमच्याकडे संध्याकाळी मेन बंद करून जातात का?

वाशिष्ठीकाठ
हो, रोज. साहेबांचा नियमच आहे, आणि पावसात विजांची भीतीही असते.

रोलरदादा
मग हीटरचा नाद सोडा, नियम बरोबर आहे. निघताना दोन्ही ट्रेमधला कागद काढून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला सांगा शिपायाला, सकाळी पिसून परत भरायचा.

खोडसाळ_पांडू
दादा, पॉलिश पेपर मारलेल्या रोलरचं काय करू?

रोलरदादा
मॉडेल नंबर टाका, बघतो.