मदत हवी आहे: पुण्यात बसून सिअ‍ॅटल मरिनर्स कोण फॉलो करतं?

नमस्कार मंडळी, सिअ‍ॅटलला नोकरीला होतो तेव्हा तिथल्या बेसबॉल टीमचं, मरिनर्सचं वेड लागलं, आता पुण्यात परत आलोय पण टीम काही सुटत नाही. १९७७ पासून खेळतायत आणि अजून एकदाही वर्ल्ड सिरीजमध्ये (म्हणजे फायनलला) पोचले नाहीत, अशी मेजर लीगमधली (तिथली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) ही एकमेव टीम, २००१ ला तर ११६ मॅच जिंकूनही प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) न्यूयॉर्क यांकीजकडून हरले.

आणि २०२५! आमच्या कॅल रॅलीचे ६० होमरन (आपल्या सिक्सरसारखे), तेही कॅचर (विकेटकीपरसारखी जागा) असून, आणि मग टोरांटोला, तिथल्याच टीमविरुद्ध, सेमीफायनलची सातवी, निर्णायक मॅच, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ, मरिनर्स ३-१ ने पुढे, फक्त आठ आउट हवे होते आणि त्यांच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन मारला. ४-३. फराळ घशाखाली उतरला नाही खरंच.

तरी वाटतं यावेळी जमेल, पिचिंग तगडं आहे.

तर विचारायचं होतं, तिथल्या संध्याकाळच्या मॅच इकडे सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान, ऐन ऑफिसच्या गडबडीत सुरू होतात, तेव्हा नुसती रेडिओ कॉमेंट्री भारतात अधिकृतपणे ऐकायला कुठलं सबस्क्रिप्शन घ्यावं? आणि पुण्यात कोणी फॅन आहे का, प्लेऑफ एकत्र बघायला? एकट्याने हरणं लई जड जातं.