कनेक्ट फेरी: सगळ्या उत्तरांमागे 'राजाराम', प्रश्न कसे बांधावेत?

मंगळवार_पेठ

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या वाचनालयातर्फे कोल्हापूरच्या इतिहासावर क्विझ ठेवतोय. आठ संघ आहेत, बहुतेक कॉलेजची मुलं, दोन संघ निवृत्त शिक्षकांचे. एका फेरीत सगळ्या उत्तरांत एकच शब्द यावा अशी कल्पना आहे, आणि शब्द धरलाय 'राजाराम'. काढलेले प्रश्न असे:

1. कोल्हापुरात 1880 साली कोणतं कॉलेज सुरू झालं?
2. गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात अशी वसाहत कोणती?
3. कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर कोणता बंधारा आहे?
4. शाहू महाराजांनंतर गादीवर कोण आलं?
5. राजाराम दुसरे कुठे वारले?

दुसऱ्या उत्तरालाच शब्द फुटेल आणि पुढचे प्रश्न वाया जातील, ही पहिली भीती. दुसरी म्हणजे राजाराम एकापेक्षा जास्त आहेत, त्यावरून वाद होणार. फेरी कशी सावरावी?

मोडी_लिपी

शब्द चांगला निवडलाय, बांधणी बदला. प्रत्येक उत्तरात शब्द यायलाच हवा ही अट काढून टाका. उत्तरं वेगवेगळी असू देत आणि त्यांना जोडणारा धागा 'राजाराम' असू दे. मग शब्द फुटला तरी पुढचं उत्तर आपोआप मिळत नाही.

आधी तुमचा पाचवा प्रश्न. शब्द प्रश्नातच आलाय, त्यामुळे तो या फेरीत बसत नाही. शिवाय 'दुसरे' म्हटलं की दोन माणसं उभी राहतात. ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेले साताऱ्याचे रामराजे हेही राजाराम दुसरेच, ते 1777 मध्ये वारले. कोल्हापूरच्या गादीवरचे राजाराम दुसरे 1866 ते 1870 चे. शिक्षकांचा संघ साताऱ्याचं उत्तर देईल आणि ते चूक ठरवता येणार नाही. म्हणून अनुक्रमांकावर प्रश्न बांधूच नका, साल आणि जागा यांवर बांधा.

आता माझ्या पसंतीचा क्रम.

पहिला प्रश्न: कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आणि टाऊन हॉलचा आराखडा कोणत्या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने केला? उत्तर चार्ल्स मँट. इथे 'आराखडा' हाच शब्द ठेवा. 'न्यू पॅलेस कोणी बांधून पूर्ण केला' असं विचारलंत तर प्रश्न फसेल, कारण वाडा 1884 ला पुरा झाला आणि मँट 1881 मध्येच वारले होते.

दुसरा: 5 जानेवारी 1939 रोजी कोल्हापुरात वाहतुकीची कोणती सोय सुरू झाली? विमानतळ, शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या राजारामांच्या काळातला. रेल्वे म्हणणारे भेटतील, पण मिरज-कोल्हापूर लाईन 1891 ची. ते साल हाताशी ठेवा म्हणजे निकाल लगेच देता येईल.

तिसरा: 1698 मध्ये झुल्फिकारखानाने घेतलेला, मराठ्यांची त्या काळची दक्षिणेतली राजधानी असलेला किल्ला? जिंजी. शिवछत्रपतींच्या धाकट्या मुलाचा धागा इथे येतो.

चौथा: आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर 1870 च्या नोव्हेंबरअखेर कोल्हापूरच्या छत्रपतींवर अंत्यसंस्कार झाले, ते शहर? फ्लॉरेन्स. तिथल्या कशिने बागेत त्यांची स्मारक-छत्री आहे, खाली अर्धपुतळा आणि वर रंगीत घुमटी. छत्रीचा आराखडाही मँटचाच. ज्यांनी पहिलं उत्तर लक्षात ठेवलंय त्यांना इथे धागा सापडतो. ही या फेरीतली सगळ्यात देखणी गाठ आहे, त्यामुळे पहिला आणि चौथा प्रश्न एकमेकांपासून लांबच ठेवा.

पाचवा: कागलला शालेय शिक्षण, मग कोल्हापुरात कॉलेज, आणि 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेले नेते कोण? नामदार गोखले. तुमचं 1880 चं राजाराम कॉलेज असं आडून आणा, सरळ नको.

सहावा शेवटीच: पावसाळ्यात इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आकडे पंचगंगेवर कुठल्या ठिकाणचे? राजाराम बंधारा. हे सगळ्यांना येतं आणि शब्द आपसूक बाहेर पडतो.

दसरा_चौक

वरची बांधणी उत्तम आहे. एक भर घालतो: चौथा प्रश्न वाचून दाखवताना 'छत्रपती' शब्द गाळून 'एका भारतीय राजावर' म्हणा. नाहीतर कोल्हापूरची मुलं शहराचं नाव माहीत नसतानाही धागा ओळखतील.

गुणांचं गणित आधी जाहीर करा. धाग्याला पहिल्या प्रश्नानंतर 60, मग प्रत्येक प्रश्नाला 10 कमी, म्हणजे सहाव्यानंतर 10. चुकल्यास वजा 10, आणि एका संघाला एकच संधी. चिठ्ठी लेखी घ्या, तीही प्रश्नाचं उत्तर जाहीर करायच्या आधी. तोंडी घेतलंत तर एका संघाने शब्द उच्चारला की फेरी तिथेच संपली. चिठ्ठीवर संघाचं नाव आणि प्रश्नाचा क्रमांक हवा, नाहीतर कोणाची चिठ्ठी कितव्या प्रश्नाची यावर भांडण होतं.

'राजाराम' एवढंच लिहिलं तर पूर्ण गुण द्या. धागा नावाचा आहे, माणसाचा नाही, हे फेरी सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा. कारण जिंजीचे राजाराम 1700 मध्ये सिंहगडावर वारले, आणि पन्हाळ्याची वेगळी गादी ताराबाईंनी 1710 मध्ये उभी केली. म्हणजे कोल्हापूरच्या गादीशी त्यांचा थेट संबंध येतच नाही. हे आधी सांगितलं नाही तर जाणकार संघ हरकत घेईल, आणि ती बरोबर असेल.

मंगळवार_पेठ

मोठी मदत झाली. सिनेमाचा एक प्रश्न घालावा म्हणतोय: प्रभात 1933 ला पुण्याला गेल्यावर कोल्हापुरात कोणती सिनेटोन, म्हणजे चित्रपट कंपनी, उभी राहिली? चालेल का?

मोडी_लिपी

असा नको. त्याच काळात कोल्हापुरात दोन सिनेटोन होत्या, कोल्हापूर सिनेटोन आणि शालिनी सिनेटोन. पहिलीला राजाराम महाराजांचा आधार होता, दुसरीला त्यांच्या भगिनी अक्कासाहेबांचा. घालायचाच असेल तर उलटा घाला: 'अक्कासाहेबांच्या बंधूंच्या आश्रयाने उभी राहिलेली सिनेटोन कोणती?' म्हणजे उत्तर एकच उरतं.

रंकाळा_टॉवर

शाळेच्या मुलांसाठी वेगळी फेरी करणार असाल तर 'तीर्थ' शब्द घ्या, आणि प्रश्न फोटोंवर ठेवा. भाजी मंडईचा फोटो: कपिलतीर्थ. गांधी मैदानाचा फोटो: वरुणतीर्थ, तळं बुजवून मैदान झालं. पावसाळ्यात तिथे पाणी साचलेलं असतानाचा फोटो लावलात तर मुलांना उत्तराची वाट आपोआप सापडते, कारण जागा मुळातच खोलगट आहे. तिसरा फोटो कोटितीर्थाचा, ते तळं अजून आहे. तो शेवटी ठेवा. पाण्याचा फोटो आधी दाखवला तर पुढच्या दोन्ही जागा मुलं तळी म्हणूनच ओळखतील.

'शाहू' शब्दाच्या मोहात मात्र पडू नका. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही, त्यामुळे 'शाहूपुरी कुठे आहे' हा प्रश्नच उभा राहत नाही. विचारायचंच असेल तर 'कोल्हापूर रेल्वे स्टेशनजवळची, 1895 मध्ये वसवलेली व्यापारी पेठ' असं विचारा.

दोन राखीव प्रश्न पाकिटात बंद करून ठेवा. एखादा प्रश्न रद्द झाला तर लगेच उघडता येतो, आणि गुणांचा क्रम बिघडत नाही. राजारामपुरीच्या गल्ल्यांचा तुमचा प्रश्न राखीव म्हणून चांगला आहे, फक्त तो सहाव्या जागीच वापरता येईल. त्याच्या उत्तरात शब्द उघड आहे.