प्रतिसाद: तक्ते पाठ करून भागत नाही

वैमानिक व्हायच्या वैद्यकीय तपासणीतल्या रंगदृष्टीच्या चाचणीसाठी वर कुणीतरी सुचवलंय की इशिहाराचे तक्ते (रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेली चित्रं) नेटवरून पाठ करून जा, काम होतं. भावा, तसं होत नाही. ३८ तक्त्यांच्या संचात पहिल्यावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो; तो न वाचणारा सोंग करतोय हे डॉक्टर लगेच ओळखतात. काही तक्ते तर उलटे आहेत. नॉर्मल डोळ्याला तिथे नुसते ठिपके, आणि लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला मात्र आकडा दिसतो! शिवाय तक्त्यांचा क्रम बदलता येतो, आणि पुढे कंदिलाची (छोटे रंगीत दिवे ओळखायची) किंवा अनोमॅलोस्कोपची (लाल-हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवायच्या यंत्राची) चाचणी असू शकते.

'आता विमानात सगळं स्क्रीनवर असतं, रंग कशाला हवेत' हाही मुद्दा मला अर्धाच पटतो. धावपट्टीशेजारी 'पापी'चे (PAPI, उतरताना उंची बरोबर आहे का ते दाखवणारे) चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान धोकादायकरीत्या खाली. २००२ मध्ये अमेरिकेत टॅलहॅसीला फेडेक्स या कुरिअर कंपनीचं बोइंग ७२७ मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. सहवैमानिकाच्या रंगदृष्टीत दोष होता, आणि चौकशीत तो एक कारण म्हणून नोंदला गेला. थकवाही होताच, पण कॉकपिटमधल्या तिघांपैकी कुणालाही ते लाल दिवे वेळेत खटकले नाहीत. लढाऊ विमानात तर शेजारी दुसरा माणूसही नसतो बऱ्याचदा.

रंगीत लेन्सचं म्हणाल तर त्या घालून चाचणी देणं सहसा चालत नाही. एक रंग उठावदार करताना त्या दुसरा दाबतात.

वैमानिक व्हायचं असेल तर बारावीपर्यंत थांबू नका, दहावीतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. हा दोष जन्मजात असेल तर वाढत नाही, आणि जातही नाही.