कचऱ्याविरुद्धची घोषणा की टेक्ससची मिजास?

माळरान:
'डोन्ट मेस विथ टेक्सस' हे टीशर्टवर वाचून बहुतेकांना धमकी वाटते. मूळची ती रस्त्यावरच्या कचऱ्याविरुद्धची घोषणा. १९८५च्या सुमारास टेक्ससचं महामार्ग खातं कचरा उचलण्यावर वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर घालवत होतं. टाकणारे मुख्यतः पिकअप पळवणारे तरुण. त्यांना 'कृपया' म्हणून काय फरक पडणार? ऑस्टिनच्या जीएसडीअँडएम या जाहिरात कंपनीतल्या टिम मॅक्लूरने त्यांच्या गुर्मीलाच हात घातला: टेक्ससच्या वाटेला जाऊ नका. 'मेस'मध्ये घाण आलीच. १ जानेवारी १९८६ला कॉटन बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पहिली जाहिरात लागली. मागे राज्याचा भला मोठा झेंडा, पुढे टेक्ससचाच ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन गिटार वाजवतोय. उपदेश जवळजवळ नाहीच. १९८७ ते १९९० दरम्यान महामार्गांवरचा कचरा ७२ टक्क्यांनी घटला. घोषणा असावी तर अशी!

तिरकस:
७२ टक्के सगळे घोषणेच्या खात्यावर? त्याच १९८५मध्ये टेक्ससमधल्याच टायलर गावात 'अ‍ॅडॉप्ट अ हायवे' सुरू झालं. लोक आपापल्या वाट्याचा रस्ता झाडत होते. श्रेय मात्र गिटारवाल्याला.

माळरान:
अहो, उचलणारे वाढले म्हणून टाकणारे सुधारत नाहीत. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतोच की.

तिरकस:
पण मोजला तो रस्त्यावर पडलेला कचरा. न टाकलेला किती आणि उचललेला किती, हे त्या आकड्यातून कळतं का?

ह्यूस्टनकर:
गेल्या उन्हाळ्यात समोरच्या ट्रकच्या बंपरवर हेच स्टिकर, आणि हौद्यातून बर्फाची रिकामी पिशवी उडून थेट माझ्या काचेवर! अर्ध्या लोकांना यात कचऱ्याचा संबंध आहे हेच ठाऊक नसतं. परिवहन खात्याने ट्रेडमार्क घेतलाय, परवानगीशिवाय वापरणाऱ्यांना नोटिसा धाडतं. मग कचऱ्याची घोषणा राहिली कुठे, कॉफीच्या मगवर छापायचा माल झाला.

गोदाकाठ:
माझा आक्षेप वेगळाच. ओरेगॉनने १९७१लाच कायदा केला: बाटली परत करा, अनामत घ्या. टेक्ससमध्ये तसा कायदा आजही नाही. बाटल्या बनवणारे नामानिराळे, दोष गाडीतल्या पोराचा. कंपन्यांना अशी घोषणा गोडच लागणार.

माळरान:
अनामत हवीच, मान्य. पण गाडीतून भिरकावलेल्या सिगारेटच्या थोटकावर कसली अनामत लावणार?

गोदाकाठ:
थोटकाचं सोडा हो, बाटल्यांचं बोला.